पाखरीची रिकीब

मंजुषा विधाते माणसं पारखायची ती भाजीच्या जुडीसारखी. वरची ताजी पानं बघून भुलणारी ती बाई नव्हती, आधी देठ बघायची. नाशिकच्या फुलबाजारात झेंडूच्या पाट्या घेऊन बसता बसता तिला ही सवय लागली होती. कोण नुसता भाव विचारून जाणार, कोण घासाघीस करून शेवटी घेणार, कोण बायकोला विचारून येतो म्हणणार आणि परत फिरकणार नाही, हे तिला समोरच्यानं तोंड उघडायच्या आत कळायचं. म्हणूनच यंदाच्या यात्रेआधी पंधरा दिवस तिनं पदर खोचला आणि गावातली माणसं एकेक करून वळवायला घेतली, तेव्हा आपल्याला जमेल याबद्दल तिच्या मनात फारशी शंका नव्हती.

काम तसं एका वाक्याचं होतं. माघी पौर्णिमेला खंडोबाच्या घोडीवर तिचा मुलगा स्वराज बसणार होता. त्यानं डोक्यात हेल्मेट घालून बसावं.

खळवाडी म्हणजे गंगापूर रोडच्या बाजूचं, मळ्यांच्या मधोमध पडलेलं गाव. शहर अंगावर चालून येत होतं, प्लॉटचे दगड बांधापर्यंत पोचले होते, पण खंडोबाची यात्रा जुनीच होती. देवाची घोडी विधात्यांनी सांभाळायची आणि तिच्यावर विधात्यांच्याच घरातल्या माणसानं बसायचं. देवळाला पाच फेरे. पहिले तीन चालीनं आणि शेवटचे दोन भरधाव. भंडाऱ्याच्या मुठी उधळलेल्या, हलगी कडाडतेय आणि घोडी दीपमाळेच्या कोपऱ्यावरून वळतेय, हे बघायला सिन्नरहून, पिंपळगावहून जीप भरभरून माणसं यायची.

आणि बायका यायच्या फेट्यासाठी. फेरे झाले की स्वाराचा फेटा सोडून त्याच्या चिंध्या करायच्या आणि ज्यांचा पाळणा रिकामा आहे त्यांना द्यायच्या, ही तिथली रीत. फेटा उघड्या डोक्यावर बांधलेला हवा, स्वाराचा घाम त्यात मुरलेला हवा. कोरड्या कापडाला कोण विचारतो? मंजुषाला या रिवाजाला हसता येत नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी काही नाही, तेव्हा तिनंही नवऱ्याच्याच फेट्याची चिंधी पाळण्याला बांधली होती. दुसऱ्या वर्षी स्वराज झाला. देवानं दिला की डॉक्टरच्या गोळ्यांनी, हा वाद तिनं कधी घातला नाही. दोघांचेही उपकार मानून ती मोकळी झाली होती.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००२ च्या यात्रेत, तिचा नवरा कुंदन पाचव्या फेऱ्याला पडला. कोणीतरी फटाक्याची माळ लावली, घोडी बिचकून आडवी गेली आणि कुंदनचं डोकं दीपमाळेच्या चौथऱ्यावर आपटलं. फेट्याच्या आठ-नऊ वार कापडाचा उपयोग रक्त टिपण्यापुरता झाला. नाशिकच्या दवाखान्यात महिनाभर पडून तो घरी आला. चालतो, जेवतो, खुरपं धरतो. पण शब्द गेले. गेले म्हणजे नाहीसे झाले नाहीत, त्यांच्या जागा बदलल्या. पाण्याला तो दोरी म्हणतो, दोरीला दुपार म्हणतो. घोडीला मेथी म्हणतो. सांगितलेलं काम करतो आणि थांब म्हणेपर्यंत करतच राहतो. एकदा पाटाला पाणी लाव म्हणून सांगून मंजुषा बाजाराला गेली, तर संध्याकाळी परत येईपर्यंत निम्मा मळा चिखल. शेजारी बांधावरून ओरडत होते, "बास कर, कुंदन!" पण थांबायचं ते मंजुषाच्या शब्दावर. दुसऱ्या कोणाच्या नाही.

गेल्या वर्षी खोगिरावर नुसता फेटा ठेवून फेरे झाले. बायका हिरमुसून गेल्या. यंदा स्वराज एकोणीस वर्षांचा झाला आणि म्हणाला, मी बसतो.

मंजुषानं बस म्हटलं. नाही म्हणाली असती तर तो चोरून बसला असता, हे देठ तिला दिसत होतं. कॉलेजच्या वाटेवरच्या घोडेस्वारीच्या क्लासला तो वर्षभर जात होता, तेही तिला माहीत होतं. तिनं फक्त क्लासच्या मास्तरांना गाठलं आणि त्यांच्याकडून एक काळं, मखमली कव्हरचं, हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट मागून आणलं.

पहिली गाठ सासूची. नवसाबाईंचं वय पंचाहत्तरीच्या पुढं, पण चिंध्या वाटण्याचा अधिकार त्यांचा, त्यामुळे फेट्याबाबत त्यांचा शब्द शेवटचा. मंजुषानं सरळ विषय काढला नाही. रात्रीच्या भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, फेटा डोक्यालाच लागला पाहिजे का? का फेट्याचं काहीतरी लागलं तरी चालतं?"

"फिरवून बोलू नको. ते काळं टोपडं आणलंय ते मी बघितलंय," नवसाबाई म्हणाल्या.

"मग सांगा."

"घाम लागाया पाहिजे."

"आत मलमलचं एक पातळ कापड गुंडाळू. त्याला घाम लागेल. त्याच्यावर हेल्मेट, हेल्मेटवर फेटा. चिंध्या आतल्या कापडाच्या करा."

नवसाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. दोन वर्षांपूर्वी कुंदन घोडीवर चढताना त्याची रिकीब, म्हणजे खोगिराला लटकणारी पाय टाकायची कडी, त्यांनीच धरली होती. स्वाराच्या आईनं रिकीब धरायची, त्यानं पाय टाकला की "जाऊन ये" म्हणायचं, मगच घोडी हलायची. त्या म्हणाल्या होत्या जाऊन ये. गेला एक आणि आला दुसरा.

"देवाला काय, कापड ते कापड," शेवटी त्या म्हणाल्या. "बायकांना मी समजावते. बोलली एखादी तर तिला म्हणते, तुझा ल्योक बसव."

दुसरी गाठ गोटीराम काठे, यात्रा समितीचा अध्यक्ष. गोटीरामला रीतीभातीची मोठी कळकळ, विशेषतः माईक हातात असला की. त्याच्यापुढं देवाधर्माचं बोलून उपयोग नाही हे मंजुषाला माहीत होतं. ती म्हणाली, "भाऊजी, हे पडले तेव्हा पंचनाम्याला तुम्हाला पोलीस स्टेशनला दिवसभर बसवून ठेवलं होतं ना?"

गोटीरामनं पान थुंकलं. "दिवसभर कशाचं वहिनी, दोन दिवस! चहासुद्धा माझाच."

"यंदा तसं काही झालं तर आधीच्याही फायली काढतील."

गोटीरामच्या मनात ती फाईल उघडली आणि मिटली. "समितीची काय हरकत नाय," तो म्हणाला. "जमाना बदललाय. घाला हेल्मेट. पण पोरगं काय म्हणतंय?"

हाच एक प्रश्न मंजुषानं शेवटासाठी ठेवला होता. सगळे हो म्हणाले की मुलगा एकटा पडेल आणि वाकेल, असा तिचा होरा. फुलबाजारात हा डाव बऱ्याचदा लागू पडतो. पण फुलबाजारातल्या गिऱ्हाइकाला तिनं जन्म दिलेला नसतो.

स्वराज गोठ्यात पाखरीला खरारा करत होता. पाखरी म्हणजे तीच घोडी, पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका. मंजुषानं हेल्मेट गव्हाणीच्या कडेवर ठेवलं.

"हे नको," तो न बघताच म्हणाला.

"आजी हो म्हणाली. गोटीरामभाऊ हो म्हणाले."

"त्यांना बसव मग घोडीवर."

"क्लासला घालतोस की."

"तिथं नियम आहे. नाही घातलं तर मास्तर उतरवतात. इथं मान आहे."

"आणि गाडीवर? मुंबई नाक्यावर पोलीस दिसला की कोपराला अडकवलेलं हेल्मेट काढून डोक्यात घालतोस. पोलिसासाठी घालतोस, आईसाठी नाही?"

तो हसला. त्याचं हसणं कुंदनचं होतं, पूर्वीच्या कुंदनचं. मग खरारा थांबवून तो तिच्याकडे वळला आणि ती बोलण्यात जिंकायला आली होती ते जड जाणार, हे तिला कळलं.

"आई, अण्णा फेट्यामुळे पडले नाहीत. फटाक्यामुळे पडले. गोटीरामकाकांनी फटाके बंद केले? नाही. बाजारपेठेची पोरं नाराज होतील म्हणून. घोडी त्यांची पोरं बिचकवणार आणि टोपडं मी घालणार."

"फटाके गावाच्या हातात आहेत. डोकं तुझ्या हातात आहे."

"तेच म्हणतोय. माझं डोकं आहे." तो पाखरीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "तुला एक सांगू? दोन वर्षं झाली, आपण रस्त्यानं निघालो की लोक आवाज खाली करतात. अण्णा दिसले की 'बिचारा'. तू दिसलीस की 'बिचारी'. मला कोणी शिव्यासुद्धा देत नाही गं. मला एकदा या घोडीवर भरधाव जायचंय, फेटा बांधून, जसे अण्णा जायचे तसा. मग हे 'बिचारे' संपेल. हेल्मेट घालून बसलो तर गाव म्हणणार, विधात्यांनी धसका घेतला."

"घेतलाच आहे."

"तू घेतलास. मी नाही."

मंजुषाकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर परसात बसून लसणाच्या कुड्या सोलत होतं आणि सोलून झालेल्या पाकळ्या पुन्हा पुन्हा सोलत होतं. पण मुलाला बापाकडे बोट दाखवून गप्प करायचं तिच्या जिभेवर येईना. ती हेल्मेट उचलून घरात आली.

पंधरा दिवसांत तिनं सगळं केलं. रागावली, रडली, दोन दिवस बोलली नाही. तो ऐकायचा, पाणी आणून द्यायचा, "चिडू नको ना" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. उद्धट असता तर बरं झालं असतं, निदान त्याचा राग धरता आला असता.

पौर्णिमेला सकाळीच देवळापुढं माणूस मावेना. हवेत गारठा होता. पाखरीला झूल घातली होती, पायांत घुंगरू. देवळाच्या ओट्यावर स्वराजचा फेटा बांधला गेला, केशरी, लांब शेमल्याचा. दिसत होता खराच देखणा. कडेला उभ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. मंजुषा समोर येऊन उभी राहिली. तिच्या एका हातात ते काळं हेल्मेट होतं, दुसरा हात पदराखाली.

गोटीरामनं माईकवरून पुकारलं, "स्वाराच्या मातोश्रींनी पुढं यावं, रिकीब धरावी."

मंजुषा हलली नाही. "फेटा सोडून आत हेल्मेट घालू द्या. मग धरते."

माईक चालूच होता. साऱ्या यात्रेनं ऐकलं. हलगी थांबली.

"आई," स्वराज दबक्या आवाजात म्हणाला, "लोकांसमोर नको."

"घरात पंधरा दिवस झालं की बोलून."

"वहिनी, माणसं लांबून आल्यात," गोटीराम माईकवर हात ठेवून म्हणाला. "पोराच्या इच्छेचा भाग हाय. त्याचं डोकं हाय शेवटी."

"त्याचं डोकं त्याचं, मान्य. मी जबरदस्ती नाही केली. पण हे हात माझे आहेत. हेल्मेटशिवाय ते रिकीब धरणार नाहीत."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, बाईचं खरं हाय. कोणी म्हणालं, देवाच्या कामात आडवी आली. पाखरी पाय आपटू लागली. गोटीराम नवसाबाईंकडे वळला, "आजी, तुम्ही धरा. आजी आईच्या ठिकाणीच असते."

"माझा हात मी एकदा देऊन बसले," नवसाबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून दीपमाळेकडे बघू लागल्या.

माणसाला नड आली की त्याची अक्कल कशी धावते ते बघण्यासारखं असतं. आतल्या कापडावर वरचं कापड चालेल का, याचा काथ्याकूट गावानं पंधरा दिवस केला होता. आईऐवजी कोण, हे ठरायला एक मिनिट लागलं नाही. "बाप धरंल!" मागून कोणीतरी ओरडलं. "धरंल की! आईबाप दोन्ही सारखेच," गोटीरामनं लगेच माईकवर जाहीर केलं, जणू पोथीतच लिहिलंय.

कुंदन ओट्याच्या पायरीवर बसून प्रसादाचं खोबरं चघळत होता. दोघांनी त्याला धरून आणलं. पाखरीला बघून त्याचा चेहरा उजळला. "मेथी," तो म्हणाला. दोन-चार पोरं हसली. पाखरीनं मात्र मान खाली घालून त्याच्या छातीला नाक लावलं.

"कुंदन, ही धर," गोटीरामनं रिकीब त्याच्या मुठीत दिली. "घट्ट धर, बरं का. पोरगं चढतंय तुझं."

कुंदननं धरली. स्वराजनं आईकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग होता आणि माफीही होती. त्यानं पाय टाकला आणि एका झेपेत वर गेला. "यळकोट यळकोट जय मल्हार!" भंडारा उधळला, हलगी वाजली, पाखरी चालू लागली.

आणि कुंदनही चालू लागला. मूठ रिकिबीवर तशीच, स्वराजच्या बुटाला चिकटून.

"सोड आता, सोड," गोटीराम म्हणाला. कुंदननं ऐकलं नाही. पहिले तीन फेरे चालीचेच असतात, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. बाप लेकाबरोबर चालतोय, एका-दोघांनी डोळेही पुसले. मंजुषा जिथं होती तिथंच उभी. प्रत्येक फेऱ्याला तिच्यासमोरून आधी पाखरीचं डोकं यायचं, मग कुंदनचं, आणि त्याच्या वर स्वराजचा गुडघा.

तिसरा फेरा संपला. हलगीवाल्यांनी ठेका बदलला. लोक मागं सरकले, रिंगण रुंद झालं. आता घोडी सुटायची.

"सोड रे कुंदन! बाजूला हो!"

कुंदन सोडीना. एक जण पुढं होऊन त्याची बोटं उकलायला लागला. कुंदननं त्याच्याकडे मान वळवून बघितलं. दोन वर्षांत या माणसाच्या डोळ्यांत कोणी राग पाहिला नव्हता, तो आता दिसला. बोटं उकलणारा मागं झाला. आणखी दोघं पुढं आले खरे, पण ते तेच दोघं होते, ज्यांनी त्याला रक्ताळलेला उचलून जीपमध्ये घातला होता. त्याच्या अंगाला हात लावून ओढायचं त्यांच्यानं होईना.

"अण्णा, सोडा ना," स्वराज वरून म्हणाला. "अण्णा, मी पडणार नाही. सोडा."

"दोरी," कुंदन म्हणाला. "दोरी, दोरी." आणि दुसरा हातही रिकिबीवर आणला.

स्वराजनं टाच उचलली. टाच मारली की पाखरी उडणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि रिकिबीला लटकलेला बाप तिच्या पायांत जाणार हेही. फेट्याखालून घामाची एक धार स्वराजच्या गालावर उतरली. तो खाली बघत होता. घोडीवरून बापाचं टाळकं दिसतं, आणि त्या टाळक्यावर केस न उगवलेली, वितीएवढी वाकडी वाट. घरात बरोबरीनं बसताना ती कधी एवढी दिसली नव्हती.

टाच हवेतच राहिली.

"वहिनी!" गोटीराम मंजुषाजवळ धावत आला. माईक त्यानं कुठं टाकला होता कोण जाणे. "तुमचंच ऐकतो तो. एक शब्द सांगा. सोडा म्हणा."

"आई, सांग ना त्यांना!" स्वराज ओरडला. त्याचा आवाज फाटला होता, लहानपणी फाटायचा तसा.

सगळी यात्रा मंजुषाकडे वळली. तिला कळत होतं की ती काय घेतेय आणि काय देतेय. एक शब्द उच्चारला की मुलगा वाऱ्यासारखा जाईल, बहुतेक सुखरूप परत येईल, आणि 'बिचारे' खरंच संपेल. नाही उच्चारला तर आज हजार माणसांसमोर पोराची हौस, त्याचा मान, त्याला दोन वर्षं हवा असलेला तो एक क्षण, सगळं तिच्या नावावर जमा होईल. त्याचं डोकं त्याचं, हे तिनंच तोंडानं कबूल केलं होतं. आणि आता त्याच डोक्यावर ती एका अर्धवट माणसाच्या मुठीतून हात ठेवून उभी होती. हे न्यायाचं नव्हतं. ती न्याय करायला आलीच नव्हती.

तिनं ओठ मिटले. हेल्मेट पोटाशी धरलं आणि नवऱ्याच्या मुठीकडे बघत राहिली.

हलगीवाला गडबडला. भरधावचा ठेका हळूहळू सुटत सुटत चालीवर आला. स्वराजनं टाच खाली घेतली. चौथा फेरा चालीनं झाला. पाचवाही. कोणी आरोळी दिली नाही. पिंपळगावची काही पोरं मधूनच निघून गेली. दीपमाळेच्या कोपऱ्यावर कुठून तरी फटाक्यांची माळ कडाडली. पाखरीनं कान मागं टाकले, अंग चोरलं, एक पाऊल तिरपी झाली. कुंदन तिच्या पोटाला खांदा लावून "मेथी, मेथी" करत राहिला आणि ती पुन्हा सरळ झाली. कुंदन नसता तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. स्वराज चांगला स्वार होता.

देवळापुढं येताच तो दुसऱ्या बाजूनं उतरला. स्वतःच्या हातानं फेटा सोडला, आजीच्या ओंजळीत ठेवला, वाकून पाया पडला. बायका नवसाबाईंभोवती जमल्या. तो आईसमोरून गेला, अगदी हाताच्या अंतरावरून, आणि थांबला नाही. मंजुषानंही हाक मारली नाही. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं त्याचं उघडं डोकं गर्दीतून पार होईपर्यंत ती बघत राहिली. ताठ मानेनं चालला होता. कोणी त्याला बिचारा म्हणालं नाही, कोणी शाबासही म्हणालं नाही.

मग ती पाखरीजवळ गेली. कुंदनच्या दोन्ही मुठी रिकिबीवर तशाच होत्या, बोटांची पेरं पांढरीफटक पडलेली.

"अहो," ती म्हणाली, "सोडा आता."

त्यानं सोडली.